एका ओट्याखाली तीन जातींची माती

१ मार्च, शनिवार

आत्याला घरामागे लाकडी डेक हवा आहे. ती त्याला ओटाच म्हणते. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराला रस्त्याकडे ओटा होता, दिवेलागणीला शेजारपाजारच्या बायका त्यावर टेकायच्या. खंडवा रोडला, तेजाजी नगरच्या पुढच्या या घरात येऊन तिला तीन वर्षं झाली, पण बाहेर बसायची सोय नाही. "वीस माणसं बसली तरी हलायला नको," एवढीच तिची अट.

आज फीत धरून मोजलं. २४ फूट लांब, १२ फूट रुंद. लांबी उताराच्या दिशेने, घराकडून नाल्याकडे. तेवढ्यात जमीन अडीच फूट उतरते. खांबांच्या चार ओळी, दर ८ फुटांवर एक. ओळीत तीन खांब, ६ फुटांच्या अंतराने. एकूण १२. घराकडून ओळींना १ ते ४ नंबर दिले.

मिस्त्रींचं म्हणणं, सगळीकडे सारखे दोन फुटी खड्डे घ्यावेत, खाली गिट्टी ठोकावी, वर काँक्रीट. "हल्का काम है मैडम." काम हलकं आहे हे खरंच. माझी काळजी त्या हलकेपणाचीच आहे.

चार वर्षांपूर्वी शहराच्या पूर्वेकडे एका बंगल्यात मी पर्गोला उभा केला होता. जमीन काळी, खड्डे अडीच फूट. एप्रिलमध्ये चारही खांब ओळंब्यात होते. सप्टेंबरात त्यातला एक पाऊण इंच वर आलेला, शेजारचा होता तिथेच. मधली तुळई तिरपी झाली, जोडाचे बोल्ट वाकले. डिझाइन माझं होतं, दुरुस्तीही माझ्या पैशाने केली. खांब खचेल की काय याचा हिशोब मी केला होता. तो उचलला जाईल हे मनातच आलं नव्हतं. या वेळी आधी माती बघायची, मग खड्ड्याची खोली ठरवायची.

९ मार्च, रविवार

हाताने फिरवायचा चार इंची ऑगर (जमिनीत भोक पाडायचं गिरमिट) आणला. प्रत्येक ओळीच्या मध्यावर एकेक भोक घेतलं. दिवसभर मी, मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या.

ओळ १: दीड फुटावर मुरूम. पिवळसर, मुठीत दाबला तर फुटतो, काळ्या मातीसारखा हाताला चिकटत नाही. ऑगर पुढे जाईना.

ओळ २: तीन फूट काळी माती, मग मुरूम.

ओळ ३: काळी, काळी, काळी. ९ फुटांपर्यंत गेलो, ऑगरची दांडी संपली. वरच्या दोन फुटांत ती वाळून दगडासारखी झालेली, खाली लोण्यासारखी. जवळच भेग होती, दोन इंच रुंद. तिच्यात सळई सोडली तर साडेतीन फूट खाली गेली.

ओळ ४: पहिले साडेचार फूट भराव. विटांचे तुकडे, राबिट, प्लास्टिकच्या थैल्या, मधेच चपलेचा तळ. त्याखाली पुन्हा काळी माती. प्लॉट विकायच्या आधी नाल्याकडची बाजू कोणीतरी भरून सपाट केलेली दिसते. धुम्मस केल्याची कुठे खूण नाही, टिकावाचा घाव बसला की पोकळ आवाज येतो.

चोवीस फुटांत तीन जाती. आत्याला चमचाभर मुरूम आणि काळ्या मातीचा गोळा शेजारी ठेवून दाखवला. दोन्ही एकाच दगडाची लेकरं. माळव्याचं पठार बेसॉल्टचं. तो अर्धवट झिजला की मुरूम, पूर्ण कुजला की काळी माती. कपाशीला आणि गव्हाला ती आई आहे, पण खांबाला तिचा भरवसा नाही.

१५ मार्च, शनिवार

ओळ १ आणि ओळ ३ चे नमुने एका कॉलेजच्या लॅबमध्ये वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढले. मुक्त फुगवणीची चाचणी तिथेच माझ्या हाताने केली. ती इतकी सोपी आहे की घर बांधणाऱ्या प्रत्येकाने एकदा डोळ्यांनी बघावी. मातीचे १० ग्रॅमचे दोन वाटे करायचे. एक १०० मिलीच्या नळीत ऊर्ध्वपातित पाण्यात, दुसरा तशाच नळीत रॉकेलमध्ये. ढवळून हवा काढायची आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही थरांच्या उंचीतला फरक म्हणजे तिची भूक.

मुरुमाचा चाळ: रॉकेलमध्ये १० मिली, पाण्यात ११. फुगवण १० टक्के.
ओळ ३ ची काळी: रॉकेलमध्ये १०, पाण्यात १९. फुगवण ९० टक्के.

आयएस १४९८ (मातीच्या वर्गीकरणाचं भारतीय मानक) प्रमाणे ५० च्या आत कमी, ५० ते १०० मध्यम, १०० च्या वर जास्त. म्हणजे आपली मध्यम वर्गाच्या वरच्या टोकाला. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट असतं, पापुद्र्यांचं खनिज. पावसाळ्यात पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून दूर सरकतात. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की मिटतात, जमीन भेगाळते. दरवर्षी हेच.

आता वजन. माणसांचं ३०० किलो दर चौरस मीटरला (गॅलरीसाठी बांधकामाचा कोड एवढंच धरायला सांगतो), लाकडाचं स्वतःचं ५० किलो. डेक २६.७५ चौरस मीटर, एकूण सव्वानऊ टनांच्या थोडं वर. मधल्या खांबावर १,५६० किलो येतात, कोपऱ्यातल्यावर ३९०. भिजलेल्या काळ्या मातीला ८ टन दर चौरस मीटर एवढंच पेलतं असं धरलं, तरी दीड फूट चौरस फूटिंग (खांबाखालचा रुंद पाया) मधल्या खांबाला पुरतं. खचण्याचा प्रश्न इथेच मिटला.

उलटा हिशोब मात्र वेगळाच निघतो. माणसं रोज बसत नाहीत. रिकाम्या डेकचा कोपऱ्यातल्या खांबावर भार किती, तर ५६ किलो. एका माणसाएवढासुद्धा नाही. फुगणाऱ्या मातीचा खालून दाब दर चौरस मीटरला १० टन धरला (अशा मातीत त्याहून जास्तही मिळतो), तर त्याच दीड फुटी फूटिंगला ती २ टनांनी वर ढकलणार. वरून ५६ किलो, खालून २,०००. तीन मजली घर असतं तर वजनानेच मातीला दाबून धरलं असतं. डेकला ते जमत नाही.

मिस्त्रींना हा आकडा सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांच्या गावी फरशी घातलेल्या ओसऱ्या दर पावसाळ्यात मधोमध वर येतात, कडेच्या भिंती जागच्या हलत नाहीत. मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

१७ मार्च, सोमवार

ठरलं ते असं.

ओळ १: मुरुमात साधं फूटिंग, २ फूट खोल.
ओळ २: काळी माती पार करून मुरुमात एक फूट, म्हणजे ४ फूट.
ओळ ३ आणि ४: अंडर-रीम्ड पाइल, साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट खोल.

पाइल म्हणजे जमिनीत खोल भोक घेऊन ओतलेला काँक्रीटचा खांब. या पाइलच्या तळाशी काँक्रीटचा फुगीर कंद असतो. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी ही पद्धत रुळवली. साडेतीन मीटर कशासाठी? ऋतूप्रमाणे ओल कमी-जास्त होते ती वरच्या थरात. तेवढ्या खोलीवर माती वर्षभर जवळपास सारखीच ओली राहते, फुगत नाही की आक्रसत नाही. कंद तिथे रुतून बसतो, वरची माती खांबाला कितीही ओढू दे. आयएस २९११ च्या तिसऱ्या भागातल्या तक्त्यात २५ सेंटिमीटर व्यासाच्या, एका कंदाच्या पाइलला खाली १२ टन आणि वर ओढताना ६ टन दिलेत. मला वरची ओढ साडेतीन टनांच्या आत येते.

मिस्त्रींना ओळ ४ साठी तीन फूट चौरस रुंद पाया हवा होता. भरावावर तो चालणार नाही. भराव स्वतःच बसत राहील आणि पाया त्याच्याबरोबर जाईल. रुंदीने भार पसरतो, पण थैल्या आणि राबिटाची पोकळी भरत नाही.

आत्याने खर्च विचारला. सहा पाइलचे पैसे उरलेल्या सहा खांबांच्या दुपटीपेक्षा जास्त होतात, ते तसंच सांगितलं. ती म्हणाली, "अगं, रामबागेचा ओटा माझ्या आजोबांच्या वेळचा. तू मला तेवढाच टिकणारा दे."

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. मिस्त्री आणि सगळी टोळी राजवाड्यावर गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत. काम बंद.

२२ मार्च, शनिवार

ओळ १ खोदली. दोन खड्ड्यांत सरळ मुरूम लागला. तिसऱ्यात अर्ध्या तळाला काळा गोटा, अर्ध्याला मुरूम. असं सोडलं असतं तर फूटिंग गोट्यावर टेकून दुसरीकडे दबलं असतं. गोटा छिन्नीने सहा इंच खाली फोडला, वर मुरुमाचा थर ठोकून तळ एकजीव केला. पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) तीन इंच.

२९ मार्च, शनिवार

ओळ २. या ओळीवर मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण इथे चूक दिसत नाही. तळ मुरुमात आहे, म्हणून सगळे निश्चिंत होतात. पण पेडेस्टलच्या (फूटिंगवरून वर येणाऱ्या काँक्रीटच्या खांबाच्या) चारही बाजूंना तीन फूट काळी माती आहे, आणि ती फुगताना पेडेस्टलच्या अंगाला धरून वर खेचते. तळ कितीही घट्ट असो, बगलेतून उचलतात तसं.

म्हणून दोन गोष्टी. नऊ इंची चौरस पेडेस्टलला जाड प्लास्टिकचे दोन थर गुंडाळले, मधे ग्रीस. माती सरकली तर थरावर थर सरकेल, काँक्रीटला पकड मिळणार नाही. आणि खड्डा बुजवताना निघालेली काळी माती परत टाकायची नाही, मुरूमच टाकायचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या अस्तरासाठी हेच दाखवलं होतं: फुगणारी माती आणि बांधकाम यांच्या मधे न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर ठेवायचा. रेती मी मुद्दाम टाळली. काळ्या मातीतला रेतीने भरलेला खड्डा म्हणजे विहीर, आजूबाजूचं पाणी त्यात साठतं आणि मातीला हवं ते मिळतं.

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी शिंपडून, धुम्मसने. वरून खांबापासून बाहेर उतार. दोन खड्डे माझ्यासमोर भरले. तिसरा उद्या.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. आत्याकडे श्रीखंड-पुरी. मी दिवसभर घरात होते, तिसरा खड्डा मिस्त्रींच्या पुतण्याने सकाळीच भरून टाकला.

५ एप्रिल, शनिवार

पाइल बोअर करणारी टोळी आली. हातानेच फिरवतात, तिघं मिळून. ओळ ३ ची तिन्ही भोकं आज. दहा इंची ऑगर साडेअकरा फुटांपर्यंत, मग अंडर-रीमर खाली सोडला. त्याची पाती दाबली की बाहेर उघडतात आणि फिरताना तळाशी माती कापत जातात. कापलेली माती खालच्या बादलीत पडते, बादली वर काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. कंदाचा व्यास खांबाच्या अडीच पट, म्हणजे २५ इंच. एका कंदाला चाळीस मिनिटं लागली.

टोळीचा मुकादम टॉर्चचा झोत आरशाने आत टाकून तळ बघतो. मीही वाकून बघितलं. साडेअकरा फुटांवरची माती चकचकीत, ओलसर, एक भेग नाही. वर दोन इंची भेगा आणि खाली ही शांतता. कोडमधला साडेतीन मीटरचा आकडा इतकी वर्षं वाचत आले, आज त्याचा अर्थ दिसला.

सळयांचा पिंजरा: १० मिलिमीटरच्या चार, ६ मिलिमीटरच्या रिंगा आठ इंचांवर. मुकादमाने विचारलं, सळई अर्धीच सोडली तर चालेल ना? वजनाच्या पाइलमध्ये कोणी तसं करतही असेल. इथे पाइल ताणात जाणार आहे. वरचा भाग माती ओढणार, खालचा कंद धरून ठेवणार, आणि मधे सळई नसेल तर काँक्रीट तुटणार. सळई तळापर्यंत.

एम २५ ताकदीचं काँक्रीट, नर्मदेची रेती, २० मिलिमीटर गिट्टी. नरसाळ्यातून ओतलं, म्हणजे बाजूची माती कोसळून मिसळत नाही. तिन्ही भोकं दिवस मावळायच्या आत भरली. उघडं भोक रात्रभर ठेवायचं नाही हे मी आधीच बजावलं होतं.

६ एप्रिल, रविवार

ओळ ४. पहिल्याच भोकाला चार फुटांवर भराव आत कोसळला. ऑगर वर काढला तर पात्याला साडीचा तुकडा अडकलेला. टोळी म्हणाली जागा दोन फूट सरकवा. सरकवून काय होणार, भराव तिथेही तोच.

दुपारी जाड पीव्हीसी पाइपाचे तीन तुकडे आणले, आतून दहा इंच, प्रत्येकी पाच फूट. वरचा भाग बारा इंची खोदून पाइप बसवला, त्यातून ऑगर खाली सोडला. पाइप आता कायमचा तिथेच राहील. याचा दुसरा फायदा असा: भराव पुढची काही वर्षं बसत राहणार, आणि बसताना खांबाला धरून खाली ओढणार. गुळगुळीत पाइपावरून तो घसरेल. वर काळी माती असती तर वर खेचलं असतं, भराव आहे तर खाली. दोन्हीवर उपाय एकच निघाला.

एकच पाइल पूर्ण झाला. 

१२ एप्रिल, शनिवार

उरलेले दोन आज झाले, तक्रार नाही. सहा पाइलना मिळून सिमेंटच्या साडेदहा गोण्या लागल्या.

३ मे, शनिवार

सगळ्या खांबांच्या डोक्यावर वरचं लाकूड पेलणारी बेस प्लेट. चार अँकर बोल्ट, प्लेटच्या खाली एक नट आणि वर एक. खालचा नट फिरवून प्लेट इंचभर वर-खाली करता येते. इतकं सगळं करूनही माती काही करणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, म्हणून ही सोय. प्लेट आणि काँक्रीटमधली जागा मी भरली नाही. लाकूड काँक्रीटला कुठेच टेकत नाही, त्यामुळे वाळवीला वाट आणि पावसाला साठायला जागा मिळत नाही.

घराच्या भिंतीला डेक जोडलेला नाही. इंचभर फट आहे. आत्याला ती फट आवडली नाही, तिच्या बांगड्या पडतील म्हणते. पण घराचा पाया वेगळा, डेकचा वेगळा. दोघांना बांधलं तर एकाच्या हालचालीने दुसरा फाटेल. फटीवर सुटी पट्टी टाकून देईन.

२५ मे, रविवार

सागवानी तुळया आणि फळ्या बसल्या. सगळ्यात खालचं लाकूड जमिनीपासून निदान सहा इंच वर आहे, माती फुगली तरी टेकणार नाही.

गच्चीच्या पाण्याचा पाइप डेकखाली सुटत होता. तो नाल्याकडे वळवला. हे पन्नास वेळा सांगितलं तरी कमी आहे: काळ्या मातीत पायाजवळ छपराचं पाणी सोडू नये.

आज तीन फरशाही मांडल्या, दीड फूट चौरस, नुसत्या जमिनीवर: एक ओळ १ शेजारी, एक ओळ ३, एक ओळ ४. मिस्त्रींच्या दोन फुटी खड्ड्यांचं काय झालं असतं याचा थोडा अंदाज यावा म्हणून. घराच्या वरच्या कोपऱ्यात उघड्या खडकावर छिन्नीने खूण केली. सगळी मापं पाण्याच्या नळीने (तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं) तिथून.

८ जून, रविवार

काल मृग लागलं. पाऊस नाही. आत्या रोज सकाळी चहा घेऊन डेकवर बसते.

२२ जून, रविवार

चार दिवस पाऊस. भेगा अजून उघड्या, पाणी त्यांतून सरळ खाली जातंय. फरशा आणि खांब जिथल्या तिथे.

२० जुलै, रविवार

भेगा मिटल्या. ओळ ३ ची फरशी ११ मिलिमीटर वर. खांब हलले नाहीत, किंवा हलले असतील तर माझ्या नळीला दिसण्याइतके नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

मापं:
ओळ १ ची फरशी: बदल नाही.
ओळ ३ ची फरशी: २४ मिलिमीटर वर.
ओळ ४ ची फरशी: ३१ मिलिमीटर खाली, आणि तिरकी.

एकाच अंगणात एक फरशी चढली, एक उतरली, एक हलली नाही. ओळ ३ आणि ४ मधल्या ८ फुटांत साडेपाच सेंटिमीटरचा फरक. साध्या फूटिंगवर डेक असता तर फळ्या उखडल्या असत्या.

खांब: अकरा जागच्या जागी. ओळ २ चा डावा खांब ३ मिलिमीटर वर. हा तोच, जो पाडव्याला माझ्या गैरहजेरीत भरला गेला.

१२ ऑक्टोबर, रविवार

ओळ २ चा डावा खांब बाजूने उघडला. वर सहा इंच मुरूम, त्याखाली निघालेलीच काळी माती, ढेकळं तशीच. प्लास्टिक एका कोपऱ्यावर फाटलेलं. पुतण्याने काहीच लपवलं नाही. म्हणाला, मुरमाची ट्रॉली संपली होती आणि सणाचा दिवस होता. मी त्याला हे का करायचं ते खड्ड्यापाशी उभं राहून कधी सांगितलंच नव्हतं, फक्त मिस्त्रींना सांगितलं होतं. आज त्याला दोन्ही नळ्यांतली माती दाखवली. रॉकेलची नळी त्याने बराच वेळ हातात धरून ठेवली.

काळी माती उपसली, प्लास्टिक नवीन गुंडाळलं, थर देऊन मुरूम त्यानेच भरला. बेस प्लेटचा नट खाली फिरवून ३ मिलिमीटर उतरवले. कठड्याची रेघ पुन्हा सरळ झाली.

पुढचं माप मेअखेर, माती पूर्ण वाळल्यावर. फरशा तोवर तिथेच राहतील. आत्याला सांगितलंय की त्यावर कुंड्या ठेवू नकोस.